मेंदूत हरवण्याच्या सोप्या वाटा

मेंदूचे छेद त्रिमितीत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की आधी दिसतो काळाकुट्ट पडदा. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘लोडिंग पूर्ण’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सॉफ्टवेअरने हात झटकले. मेंदू आत आहे, तुम्ही बाहेर आहात, आणि मधे नुसता अंधार.

अशा वेळी घाबरून सगळी बटणं एकदम दाबू नयेत. अंधार जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही आणि उद्या तो हक्काने परत येईल. तो बहुधा तीनच कारणांनी पडतो. पहिलं कारण छटांचं. सूक्ष्मदर्शकावरून आलेली प्रतिमा बहुधा १६ बिटांत साठवलेली असते, म्हणजे तिच्यात ० पासून ६५,५३५ पर्यंतचे आकडे मावतात. फ्लुरोसंट स्टेन केलेल्या, म्हणजे झळकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या, छेदातली चांगली झळकणारी पेशीसुद्धा त्यात १५०० च्या आसपास असू शकते. सॉफ्टवेअर नाकासमोर चालणारं. ते ० ला काळा आणि ६५,५३५ ला पांढरा धरतं, पडद्याच्या २५६ छटांत वाटणी करतं, आणि तुमच्या झळकत्या पेशीच्या वाट्याला काळ्यापासून सहावी छटा येते. सहावी छटा आणि शुद्ध काळा यांतला फरक ओळखणारा डोळा अजून जन्माला यायचा आहे. कॉन्ट्रास्टच्या पट्टीवरची वरची मर्यादा हाताने २००० वर आणली की मेंदू उजळतो. ‘ऑटो’ बटणावर माझा फारसा विश्वास नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये ते चित्रातल्या सर्वांत झगझगीत बिंदूला पांढरा ठरवतं, आणि हा मान हमखास काचेवरच्या धुळीच्या कणाला मिळतो.

दुसरं कारण एककांचं. उंदराच्या मेंदूचा सगळ्यांत जास्त वापरला जाणारा त्रिमितीय नकाशा म्हणजे अ‍ॅलन इन्स्टिट्यूटची सामायिक निर्देशांक चौकट, आवृत्ती तिसरी. तिची २५ मायक्रॉनची प्रत ५२८ गुणिले ३२० गुणिले ४५६ व्हॉक्सेलांची आहे. व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीतला पिक्सेल, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका व्हॉक्सेलची बाजू २५ मायक्रॉन आहे हे फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, नोंदलेलं नसेल तर पुष्कळ सॉफ्टवेअर ती खुशाल १ मिलिमीटर धरतात. मग नकाशातला उंदराचा मेंदू अर्ध्या मीटरहून लांब होतो. तुमच्या छेदांच्या फाइलीत मात्र एकक बरोबर लिहिलेलं असतं, त्यामुळे तुमचा मेंदू आपल्या खऱ्या १३ मिलिमीटरमध्ये त्या अवाढव्य मेंदूच्या एका कोपऱ्यात टिंबासारखा पडून राहतो. दोन्ही लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेली ही दोन चित्रं, ‘चालू’ दाखवतात. दोन्ही खरंच चालू असतात.

तिसरं कारण निर्देशांकांचं, आणि ते सगळ्यांत सोज्वळ दिसतं. कुणीतरी कळवतं, ‘मध्यरेषा ५७० वर आहे.’ बरोबर आहे. १० मायक्रॉनच्या प्रतीत डावीकडून उजवीकडे ११४० व्हॉक्सेल असतात, निम्मे ५७०. हाच आकडा २५ मायक्रॉनच्या प्रतीत टाकला तर तिथे एकूण व्हॉक्सेलच ४५६. तुम्ही मेंदूतून बाहेर पडून जवळपास तीन मिलिमीटर पुढे रिकाम्या जागेत उभे राहता. उलट २५ च्या प्रतीतला २२८ हा मध्य १० च्या प्रतीत टाकला तर अंधार पडत नाही, आणि ते जास्त वाईट. छान, स्पष्ट, भरगच्च मेंदू दिसतो, फक्त तो मध्यरेषेवरचा नसून डाव्या अर्धगोलातला असतो. म्हणून नुसता आकडा पाठवणाऱ्याला मी लगेच उलटा प्रश्न पाठवतो: व्हॉक्सेल की मायक्रॉन, आणि कुठल्या प्रतीतला?

समजा उजेड पडला. आता पडद्याचे चार चौकोन होतात. तिघांत तीन दिशांनी घेतलेले सपाट छेद: कोरोनल म्हणजे समोरून दिसणारा, सॅजिटल म्हणजे बाजूने आणि हॉरिझॉन्टल म्हणजे वरून. चौथ्यात फिरवता येणारा अख्खा मेंदू. तीन सपाट चौकोनांमधून एकच क्रॉसहेअर, म्हणजे जागा दाखवणारी फुली, फिरतो, एकात हलवला की दुसऱ्या दोघांतली चित्रं बदलतात. इथपर्यंत सगळीकडे एकमत. माउसचं चाक फिरवलं की पुढचा छेद यावा यावरही न्यूरोग्लान्सर हे ब्राउझरमधलं आणि थ्रीडी स्लायसर हे संगणकावर बसवायचं सॉफ्टवेअर यांचं एकमत आहे, आणि कंट्रोल दाबून चाक फिरवलं की झूम व्हावं यावरही. इतर ठिकाणी हे उलट असतं; नुसत्या चाकाने झूम होतं, आणि एक छेद पुढे जायला निघालेला माणूस थेट एका पेशीच्या केंद्रकात जाऊन आदळतो.

खरी कुरापत शिफ्टची. थ्रीडी स्लायसरमध्ये शिफ्ट दाबून छेदावर नुसता माउस फिरवला की क्रॉसहेअर त्याच्यामागे धावतो आणि बाकीचे चौकोन त्या जागी येतात. फार उपयोगाची सोय, आणि बोटांना तिची सवय लागायला वेळ लागत नाही. तीच बोटं घेऊन न्यूरोग्लान्सरमध्ये जा. तिथे सपाट चौकोनात शिफ्ट दाबून ओढलं की छेदाचं प्रतलच तिरकं होतं. किंचित ओढलं तर किंचित तिरकं, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. चौकोन तसाच, मेंदूही तसाच वाटतो, फक्त हिप्पोकॅम्पस या आतल्या वळणदार भागाला कधी नव्हे तो कुबड आलेला असतो. आता तुम्ही बघताय तो छेद कोरोनल नाही, सॅजिटल नाही, कुठल्याही पुस्तकात नाही. झेड दाबा. प्रतल सगळ्यांत जवळच्या सरळ दिशेला येऊन बसतं. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ए दाबलं की अक्षरेषा दिसतात किंवा लपतात, बी ने स्केल बार, एस ने चौथ्या चौकोनातले सपाट छेद, ओ ने पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसणारं) आणि ऑर्थोग्राफिक (सगळं एकाच मापाचं) या दृश्यांची अदलाबदल, आणि एच ने ही सगळी यादी. हवी ती जागा दिसली की तिच्यावर उजवं क्लिक, म्हणजे क्रॉसहेअर तिथे येतो. इंग्रजी टायपिंगची सवय असलेल्या हाताने चुकून कीबोर्डवर मनगट टेकवलं तर यातल्या तीन-चार गोष्टी एकदम घडतात, आणि त्या कुठल्या क्रमाने घडल्या याची नोंद कुणाकडेच नसते.

आता डावं-उजवं. या विषयावर शांतपणे लिहिणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो.

त्रिमितीय डेटाला तीन अक्ष असतात आणि प्रत्येक अक्षाला दोन दिशा. अक्षांचा क्रम सहा प्रकारे लागतो, दिशा आठ प्रकारे, म्हणजे एकच मेंदू फाइलीत ४८ प्रकारे ठेवता येतो. यातले २४ नुसतेच फिरवलेले असतात. उरलेले २४ आरशातले. फिरवलेला मेंदू लगेच ओळखू येतो, कारण नाक खाली आणि शेपटी वर असं काहीतरी दिसतं. आरशातला ओळखू येत नाही. मेंदू नावाच्या अवयवाने डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी ठेवून आपल्यावर जो अन्याय केला आहे तो इथे लागू होतो. डाव्या बाजूला दिलेलं इंजेक्शन उजवीकडे दिसतं, चित्र अतिशय सुंदर असतं, आणि कुणाला संशयही येत नाही.

यावर उपाय म्हणून जगाने दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे तीन-तीन अक्षरी संकेत काढले. मेंदूच्या स्कॅनसाठी वापरतात त्या निफ्टी फाइलींत आरएएस: आकडे उजवीकडे, पुढे आणि वर वाढतात. रुग्णालयांच्या डायकॉम फाइलींत एलपीएस: डावीकडे, मागे आणि वर. अ‍ॅलनच्या चौकटीत पहिला अक्ष पुढून मागे, दुसरा वरून खाली, तिसरा डावीकडून उजवीकडे, म्हणजे पीआयआर. तिन्ही संकेत आपापल्या जागी निर्दोष आहेत. दोन एकत्र आले की भांडण. त्यात मानवी मेंदूची चित्रं दाखवताना रेडिओलॉजीची वेगळी रीत: पडद्याच्या डावीकडे रुग्णाची उजवी बाजू, जणू रुग्ण समोर झोपलाय आणि तुम्ही त्याच्या पायाशी उभे आहात. काही सॉफ्टवेअर ही रीत मुळातच धरून चालतात, काहींत ती सेटिंगमध्ये एका टिकमार्कवर असते, आणि तो टिकमार्क शेवटी कुणी बदलला हे विचारू नये.

सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातली उजवं, डावं, पुढे, मागे सांगणारी आर, एल, ए, पी ही अक्षरं चालू असू द्या, ती हेडरवर विसंबून असतात तरीही. हेडरच खोटं असेल तर अक्षरंही त्याच आत्मविश्वासाने खोटं बोलतात. खरा पुरावा ऊतकातच ठेवावा लागतो. मेंदू कापायच्या आधी एका अर्धगोलात सुईने बारीक भोक पाडायचं किंवा कडेला छोटी खाच मारायची, जिथे आपल्याला काही बघायचं नाही अशा जागी. कुठली बाजू ते वहीत लिहायचं. हे भोक पुढच्या प्रत्येक छेदात दिसतं. द्रवात तरंगणारा छेद ब्रशने उचलून काचेवर चढवताना पालथा पडला तर त्याचीही चहाडी हेच भोक करतं. लाखोंच्या यंत्रणेत सगळ्यांत भरवशाचा भाग म्हणजे एक भोक, हे मला फार आवडतं.

चित्र आधी धूसर दिसतं आणि मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होतं, यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. हिशोबच तसा आहे. उंदराच्या मेंदूचा रुंद कोरोनल छेद साधारण ११ मिलिमीटर बाय ८ मिलिमीटर धरा. ०.६५ मायक्रॉनच्या पिक्सेलने स्कॅन केला तर सुमारे १७,००० बाय १२,३०० पिक्सेल, म्हणजे एकवीस कोटींच्या जवळपास. तीन रंग-चॅनेल, प्रत्येकी १६ बिट: एका छेदाला सव्वा गिगाबाइट. असे शंभर छेद घेतले की सव्वाशे गिगाबाइट, आणि हा एकाच उंदराचा मेंदू. माणसाच्या मेंदूचं काम बघा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिगब्रेन प्रकल्पात ६५ वर्षांच्या एका पुरुषाच्या मेंदूचे २० मायक्रॉन जाडीचे ७४०४ छेद घेतले होते. जुळवून तयार झालेला डेटा सुमारे एक टेराबाइट. त्याहून बारीक, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पातळीवर गेलं की हार्वर्ड आणि गूगलने मिळून उलगडलेला मानवी कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, एक घन मिलिमीटर तुकडा १.४ पेटाबाइटचा होतो. हे सगळं एकदम उघडणारा संगणक कुणाच्या टेबलावर नसतो.

म्हणून डेटा पिरॅमिडमध्ये ठेवतात. मूळ प्रत, मग प्रत्येक बाजूने निम्मी, मग आणखी निम्मी, अशा पायऱ्या. त्रिमितीत प्रत्येक पायरीला डेटा एक अष्टमांश होतो, त्यामुळे सगळ्या पायऱ्या मिळून मुळाच्या फक्त सातवा हिस्सा जास्त जागा खातात. स्वस्तात सुटतो हा व्यवहार. प्रत्येक पायरीचे पुन्हा छोटे ठोकळे पाडलेले असतात, बऱ्याचदा ६४ घनाचे, आणि पडद्यावर दिसत असलेले तेवढेच ठोकळे मागवले जातात. तुम्ही झूम करता तेव्हा आधी वरच्या पायरीचा धूसर ठोकळा येतो आणि मागून खालचे तपशीलवार. मधल्या काळात थांबायचं असतं. धूसर चित्रात दोन शेजारी पेशी एकच दिसतात, आणि नेमक्या त्याच क्षणी पेशी मोजायची उबळ येते. चाक भराभरा फिरवून शंभर छेद ओलांडणाऱ्याने तर तक्रार करूच नये. त्याने वाटेतले शेकडो ठोकळे मागवून अर्ध्यावर सोडलेले असतात. ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरवर फारच ताण आला की ग्राफिक्स कार्ड हात वर करतं आणि ‘वेबजीएल कॉन्टेक्स्ट लॉस्ट’ असा निरोप येतो. बाकीचे टॅब बंद करायचे, पान पुन्हा लोड करायचं, नको त्या लेअर काढायच्या. संगणकाला दोन थपडा मारून काही होत नाही.

कोरोनल चौकोनात नजर लागेल असा छेद आणि सॅजिटल चौकोनात त्याच मेंदूच्या जागी नुसत्या उभ्या पट्ट्या दिसल्या तरी दचकू नका. छेदाच्या प्रतलात पिक्सेल ०.६५ मायक्रॉन आणि छेदाची जाडी ५० मायक्रॉन असेल तर एका दिशेला तपशील दुसरीपेक्षा ७७ पट भरड झाला. त्यातून स्टेनसाठी दर सहावाच छेद घेतलेला असतो. ४० मायक्रॉनचे छेद असतील तर दर २४० मायक्रॉनला एक चित्र, मधली २०० मायक्रॉन जागा रिकामी. ‘स्मूथ’चा टिकमार्क लावला की पट्ट्या जातात आणि सलग, तुकतुकीत मेंदू दिसतो. तो तुकतुकीतपणा सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने भरलेला असतो. भाषणाला चित्र हवं असेल तर लावा. मोजायला बसताना काढा.

यानंतर येतो नकाशावर छेद बसवण्याचा भाग, आणि सगळ्यांच्या नाकी नऊ येतात ते इथे. अ‍ॅलनची चौकट १६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून बनवलेली आहे. हुबेहूब तसा मेंदू असलेला एकही उंदीर नसणार, आणि तुमचा तर नाहीच. तुमच्या उंदराचा मेंदू फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रवात, आकसलेला असतो, कापताना पात्याने थोडा ओढलेला असतो, काचेवर एका कोपऱ्यात दुमडलेला असतो, आणि दोन-चार छेद वाटेत फाटून गेलेले असतात.

क्विकएनआयआयसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूला तुमच्या छेदांची रांग आणि त्यांच्यावर नकाशाचा पारदर्शक छेद असतो. पारदर्शकतेची पट्टी मागेपुढे करत नकाशाचं प्रतल पुढे-मागे सरकवायचं, कलवायचं, ताणायचं, आणि जुळलं की ते साठवायचं. सगळे छेद हाताने बसवायची गरज नसते. सुरुवातीचा, शेवटचा आणि मधले काही चांगले छेद पक्के केले की उरलेल्यांचं स्थान सॉफ्टवेअर अंदाजाने काढतं. प्रत्येक छेदासाठी शेवटी नऊ आकडे उरतात: प्रतलाचा एक कोपरा आणि त्याच्या दोन बाजू कुठल्या दिशेला किती. इतकं सगळं नऊ आकड्यांत मावतं हे बघून जरा अपमान झाल्यासारखा वाटतो.

हा अंदाज फाइलीच्या नावातल्या क्रमांकावर चालतो. नावात अंडरस्कोर, एस आणि तीन आकडी क्रमांक: एस००१, एस००७, एस०१३. पुढची शून्यं गाळली तर काही प्रोग्रॅम १ नंतर १० आणि मग २ लावतात, आणि मेंदूत मागच्या टोकाचं सेरेबेलम आधी येतं, मग नाक, मग पुन्हा सेरेबेलम. फाटून गेलेल्या छेदाचा क्रमांक रिकामा ठेवायचा असतो. तो पुढच्याला दिला की तिथपासून शेपटीपर्यंत सगळे एका छेदाने पुढे सरकतात, आणि ते सरकणं इतकं बेमालूम असतं की दोष हमखास नकाशाला दिला जातो.

कोनाचं प्रकरण याच्याही पुढचं. कापण्यासाठी मेंदू ब्लॉकवर चिकटवताना ५ अंश वाकडा बसला तर नुसत्या डोळ्यांना तो सरळच दिसतो. १० मिलिमीटर रुंदीच्या छेदात मात्र डावी कड उजव्या कडेपेक्षा सुमारे ०.८७ मिलिमीटर पुढे जाते. ४० मायक्रॉनचे छेद असतील तर हे जवळपास २२ छेदांचं अंतर. एकाच काचेवर डावीकडे हिप्पोकॅम्पस चांगला वळसा घेऊन बसलेला आणि उजवीकडे त्याचा पत्ताच नाही, असं दिसलं की समजायचं: उंदीर नॉर्मल होता, ब्लॉक वाकडा होता. वर-खालीही असाच कल असतो. वरचा कॉर्टेक्स एका पानावरचा आणि खालचा हायपोथॅलॅमस चार पानं मागचा. अशा वेळी नकाशाचं प्रतल कलवायचं. दोन्ही अर्धगोलांत हिप्पोकॅम्पस नकाशासारखाच सुरू होतो का, अँटीरियर कमिशर ही दोन अर्धगोलांना जोडणारी तंतूंची जुडी मध्यरेषेला नकाशात ओलांडते तिथेच ओलांडते का, हे बघत बघत.

लोक काय करतात? कोनाच्या वाटेलाच जात नाहीत. थेट विझुअलाइन उघडतात, जिथे स्पेस दाबून छेदावर खुणा ठेवता येतात आणि त्या ओढून नकाशा हवा तसा ताणता येतो. हे साधन फाटलेल्या, आकसलेल्या ऊतकाच्या बारीकसारीक डागडुजीसाठी आहे. त्याने ५ अंशांचा कल लपवायला गेलं की नकाशाच्या रेषा पेशींवर बरोबर बसतात, फक्त त्यांच्यावरची नावं भलत्याच छेदातली असतात. माझा हट्ट एकाच क्रमाचा आहे: आधी क्रमांक, मग पालथे छेद सुलटे करणं, मग कोन, मग लांबी-रुंदी, आणि अगदी शेवटी खुणांची ओढाताण. डीपस्लाइस या आपोआप छेद बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला पहिला अंदाज करू द्यायला हरकत नाही. कोन तो बरा ओळखतो. त्याचा निकाल मात्र डोळे मिटून घेऊ नये.

कवटीवरून अंतरं मोजायची सवय असलेल्यांना इथे आणखी एक धक्का. इलेक्ट्रोड बसवायच्या शस्त्रक्रियेत सगळं ब्रेग्मा या कवटीवरच्या सांध्यापासून मोजतात. अ‍ॅलनची चौकट कवटीतून बाहेर काढलेल्या मेंदूंवरून केलेली, त्यामुळे तिच्यात ब्रेग्मा नाहीच. शस्त्रक्रियेच्या पुस्तकातला आकडा तसाच तिच्यात टाकला तर कुठेतरी पोहोचाल खरे, पण इलेक्ट्रोड तिथे नव्हता.

नकाशा बसला की नावं दिसू लागतात. प्रत्येक भागाला क्रमांक आहे: कॉडोप्युटामेन ६७२, त्याच्या शेजारी ग्लोबस पॅलिडसचा बाह्य भाग १०२२, हिप्पोकॅम्पसमधला सीए-वन ३८२. हे आकडे म्हणजे नुसती नावं, त्यांना बेरीज-वजाबाकी कळत नाही. सॉफ्टवेअरला मात्र ते आकडेच वाटतात. नकाशा लहान-मोठा करताना इंटरपोलेशन, म्हणजे मधले आकडे भरायची पद्धत, ‘लिनियर’ ठेवलं तर ६७२ आणि १०२२ यांच्या सीमेवर त्यांची सरासरी ८४७ उगवते. दोन भागांच्या मधे त्यांच्याशी काही संबंध नसलेला तिसरा भाग, कागदासारखा पातळ, त्या सीमेभर पसरलेला. लेबलांसाठी इंटरपोलेशन नेहमी ‘निअरेस्ट’, म्हणजे सगळ्यांत जवळचा आकडा जसाच्या तसा. काही भागांचे क्रमांक तर ३१ कोटींच्या घरात आहेत. १६ बिटांत साठवले तर मावतच नाहीत. ३२ बिटांच्या दशांश संख्येत मावतात, पण तेवढ्या उंचीवर तिला ३२ च्या पटीतलेच आकडे धरता येतात, म्हणून कॉर्टेक्सचे जवळजवळचे क्रमांक असलेले थर एकमेकांत विलीन होतात. ३२ बिटांचा पूर्णांक निवडा, बाकी काही विचारात घेऊ नका.

नकाशाच्या रंगांची कहाणी छोटी आहे. कॉर्टेक्स हिरवा, सेरेबेलम पिवळं, थॅलॅमस गुलाबी. कॉर्टेक्सचे ४३ भाग, प्रत्येकाचे थर, सगळे हिरव्याच्या कुळातले. दोन शेजाऱ्यांतली सीमा डोळ्यांनी शोधू नका. क्रॉसहेअर नेऊन नाव वाचा.

चौथ्या चौकोनाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यात मेंदू लखलखतो, फिरतो, भेट देणाऱ्या पाहुण्यांना आवडतो. कामाचं विचाराल तर त्याचे दोन उपयोग: एखादा छेद रांगेतून निसटलाय किंवा उलटा लागलाय का हे बाजूने चटकन दिसतं, आणि इंजेक्शनपासून तंतू कुठे निघाले याचा अंदाज येतो. बाकी तिथे फसगत जास्त. फिरण्याचं केंद्र मेंदूच्या मध्यावर नसेल, तर जरा माउस हलवला की मेंदू घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा पडद्याभर चकरा मारत सुटतो. ट्रॅकबॉल पद्धतीत माउस लहानशा वर्तुळात फिरवून मूळ जागी आणला तरी मेंदू मूळ जागी येत नाही, थोडा लवंडलेला राहतो; हे गणितच तसं आहे, हात थरथरत नाहीये. झूम करत गेलात की कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा भाग कापला जातो, कॉर्टेक्सची भिंत गायब होते आणि तुम्ही आत व्हेंट्रिकल या द्रवाच्या पोकळीत. बाहेरच्या पृष्ठभागाची लेअर पारदर्शक करून चालू ठेवली असेल तर आतल्या कशावरही क्लिक करा, निवडला जातो तो ‘रूट’, म्हणजे अख्खा मेंदू. पारदर्शक पृष्ठभाग एकावर एक आले की कुठला पुढे, कुठला मागे हे सॉफ्टवेअरलाही नेहमी नीट लावता येत नाही, आणि मागचा थॅलॅमस पुढे येऊन उभा राहतो. अंतर मोजायचं असेल तर आधी ऑर्थोग्राफिक दृश्य करा. पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळचा एक मिलिमीटर लांबच्या एक मिलिमीटरपेक्षा मोठा दिसतो. खरं तर मोजायचं असेल तर सपाट चौकोनात जा.

इतकं सगळं जमवल्यावर ते दुसऱ्याला दाखवायचं असतं. न्यूरोग्लान्सर संपूर्ण अवस्था, म्हणजे जागा, झूम, लेअर, रंग, सगळं ब्राउझरच्या वरच्या पत्त्यात कोंबतो. कल्पना झकास आहे. पत्ता मात्र इतका लांब होतो की मेसेजमध्ये चिकटवला की मधेच तुटतो, आणि समोरच्याला अर्धा पत्ता मिळतो. तो फाइलीत पाठवावा किंवा आखूड लिंक करून. डेटा आपल्याच संस्थेच्या बंदिस्त सर्व्हरवर असेल तर लिंक उघडते, लेअरची नावंही दिसतात, फक्त त्यांच्यात काही नसतं. ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. थ्रीडी स्लायसरमध्ये जतन करताना डझनभर टिकमार्कची खिडकी येते. त्यातली एमआरएमएल फाइल बोटाएवढी असते आणि सगळं काम तिच्यात आहे असं वाटतं. तिच्यात फक्त मांडणी आणि बाकीच्या फाइलींचे पत्ते असतात. एकटी तीच पाठवली, किंवा फोल्डर हलवला, की मांडणी शाबूत आणि मेंदू बेपत्ता. एमआरबी निवडा. त्यात सगळा डेटा एकत्र गुंडाळला जातो. फाइल अवाढव्य होईल, अपलोड व्हायला वेळ लागेल, समोरचा कुरकुर करेल. करू द्या.